मेंदूचा नकाशा काढणारी मैत्रीण

मित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर हृदयाची आकृती काढत होते. वर्गात मी फोन उचलत नाही, पण तिच्या धाकट्या बहिणीचं नाव दिसलं आणि हात आपोआप पुढे गेला. "रुबिनाताई, ताई गेली…" एवढंच राजश्री बोलली. मी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. मुलांनी आतून विचारलं, आकृतीत रंग भरायचे का? भरा, म्हटलं. त्याला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसले आहे, आणि रडू येण्याऐवजी सारखं एकच वाटतं आहे, की ही बाई आपल्या वाट्याला आली हे किती बरं झालं.

संघमित्रा तिचं पूर्ण नाव. राजुऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तिचे वडील कोळसा खाणीत पाळीवर जायचे, आणि माझ्या चाचांचं बाजारात मटणाचं दुकान होतं. आमची मैत्री त्या दुकानामुळे झाली असं मी म्हटलं की ती चिडायची, पण खरं तेच होतं. शाळेत मेंदूचा धडा झाला आणि दुसऱ्या दिवशी ही माझ्या कानाशी लागली, "तुझ्या चाचाले सांग ना, मले बकऱ्याचा भेजा पाहिजे. खायले नाई, पाहाले." चाचांनी हसत हसत बांधून दिला. आमच्या गच्चीवर स्टीलच्या ताटलीत ठेवून, वडिलांच्या दाढीच्या पात्यानं तिनं तो इतका हळुवार कापला की मी श्वास रोखून पाहत राहिले. मग बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली आणि शेवटी नाराज होऊन म्हणाली, "मले वाटलं होतं, आत काहीतरी लिहिलं असंल."

ती शिकायला नागपूरला गेली, तिथून बंगळुरूला एका प्रयोगशाळेत. मी बी.एड. केलं, चंद्रपूरला लग्न होऊन आले, शाळेत लागले. झोया झाली. दोन वर्षांची झाली तरी झोया हाक मारल्यावर वळत नव्हती. डब्यांची झाकणं जमिनीवर फिरवत बसायची, तासन्‌तास, आणि कुणी थांबवलं तर घर डोक्यावर घ्यायची. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. शब्द मिळाला, पण घरात त्याचं कारणही हवं होतं, आणि ते मीच होते. "पोटुशी होती तरी स्कूटी चालवत होती." "ग्रहणाच्या दिवशी शाळेत गेली होती." माझ्या सासूबाई, त्यांना मी अम्मी म्हणते, हे रागानं नाही म्हणायच्या. भाजी निवडता निवडता, उसासा टाकून म्हणायच्या, आणि म्हणूनच ते आत रुतत गेलं. मी जीवशास्त्र शिकवते. तरी एक दिवस स्कूटी विकून टाकली.

त्यानंतरच्या मे महिन्यात मित्रा सुटीवर आली तेव्हा चंद्रपूर नेहमीसारखं भाजत होतं. कूलरसमोर, झोयापासून हातभर अंतरावर, ती फरशीवर बसली. झोयाला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही. स्वतः एक झाकण घेतलं आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. थोड्या वेळानं झोयानं तिच्याकडे न बघताच आपलं एक झाकण तिच्याकडे सरकवलं. अम्मी दारातून पाहत होत्या. त्या आत आल्या, पलंगावर बसल्या आणि सरळ विचारलं, "तू मेंदूचंच काम करतं ना, बेटी? मग मले सांग, माझी नात काऊन बोलत नाई?"

मित्रानं झाकण खाली ठेवलं. "अम्मी, बाळ पोटात असते तवा त्याचा मेंदू बांधनं सुरू असते. घर बांधतेत तसा. त्याच्यावर हजारो गवंडी असतात. आमी त्याइले जनुकं म्हणतो. कोन्ता गवंडी कोन्या महिन्यात कोन्या भिंतीवर कामाले होता, याचा नकाशा मी काढून राह्यली. ऑटिझमशी ज्याइचं नातं सापडलं, त्यातले बरेचसे पोटातल्या मधल्या महिन्यांतच लय कामात असतात. बाळ जन्माले याच्या आधीच."

"म्हंजे स्कूटीनं नाई झालं?"

"नाई."

"गिरहनानं?"

"नाई, अम्मी. अजून पुष्कळ गोष्टी आमाले समजल्या नाईत. पन रुबिनानं काही केलं नाई, एवढं समजलं आहे."

 अम्मींनी पदर सारखा केला. मग त्यांनी मला ज्याची भीती होती तोच प्रश्न विचारला, "तुझ्या नकाशानं ही बोलनार का?"

मित्रानं झोयाकडे पाहिलं. "माझ्या नकाशानं नाई बोलनार… तुमाले खोटं नाई सांगत. पन तुमचा हात धरून तुमाले माठापाशी नेते ना? ते बोलनंच आहे. तुमी तिले पानी देता, म्हंजे तुमाले समजते."

अम्मी उठून आत गेल्या.  रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं, आणि त्यानंतर आमच्या घरात ग्रहणाचं नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला राजुऱ्याला सोडायला गेले. वर्धा नदीच्या पुलाअलीकडे आम्ही रिक्षातून उतरून उभ्या राहिलो. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. मनात अडकलेलं एक मी तिला विचारलं, "पोटातल्या बाळाचा मेंदू तुम्हाला दिसतो कुठून?" तिनं माझ्याकडे पाहिलं. झोयानंतर माझं एक बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, तिला ते माहीत होतं.

"ज्याइचं बाळ राह्यलं नाई, अशा बायांनी दिलेला असते," ती म्हणाली. "तशा दुःखात कोनी त्याइले विचारते, आन् त्या हो म्हणतात. त्याइचं नाव आमाले समजत नाई. कामाले बसाच्या आधी मी रोज त्याइची आठवण काढतो."

"मला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"विचारलं असतं तर?"

"दिलं असतं."

तिनं माझा हात हातात घेतला. त्या बाळाबद्दल मी पहिल्यांदाच कुणाशी बोलले होते.

मग तिला कॅन्सर निघाला. उपचार झाले, पुन्हा उलटला, आणि ती राजुऱ्याला आईकडे राहायला आली. उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बंगळुरूच्या विद्यार्थिनींशी बोलायची. एकदा तिनं मला पडद्यावर मेंदूचा एक पातळ काप दाखवला. रंगीत ठिपकेच ठिपके, जणू कुणी रांगोळी सांडली आहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी, आणि रंगावरून कळायचं की तिथं कोणतं जनूक कामाला लागलं आहे. तिचे हात सुया टोचून टोचून काळे झाले होते, आणि तरी ती मला सांगत होती, "हे पाह्य ना, हे पाह्य, किती सुंदर आहे!"

शेवटच्या भेटीत झोयाही सोबत होती. ती पलंगाभोवती दोन-तीनदा फिरली, मित्राच्या नाकावर तिरका झालेला चष्मा तिनं काढून घेतला आणि कपाटावर नीट सरळ रेषेत ठेवून दिला. मित्रा खोकला येईपर्यंत हसली. "बरं केलं, झोयाबाई. आता थोडं कमी दिसलं तरी चालते मले." आम्ही निघालो तेव्हा चष्म्याशिवायच तिनं आमच्या दिशेनं हात हलवला.

तिच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी देहदान केलं. नकाशा अजून पुरा झालेला नाही, तिच्या विद्यार्थिनी तो पुढे काढत आहेत. मला त्यातलं सगळं समजतं असं नाही. मला समजतं ते आमच्या घरातलं. मी पुन्हा स्कूटी घेतली, आणि झोयाला पुढे उभी करून बाजारात नेते.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन आली. मुलगा तीन वर्षांचा, बोलत नाही, कुणाकडे बघत नाही. शाळेतल्या बाईंना काही माहीत असेल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.  मी काही म्हणायच्या आत अम्मींनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी कोन काय म्हणते तुले?"

ती खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हणतात… माझ्यामुळंच झालं."

"तुझ्या सासूले इथी पाठव," अम्मी म्हणाल्या. "चहा ठेवतो म्हणा. मी सांगतो तिले. आमच्या मित्रानं सोताच्या डोयानं पाह्यलं आहे. राजुऱ्याची होती म्हणा, आपलीच पोरगी."