भावजींनी पास केलेले डोळे

चहाचा कप हातात आला की भावजी आधी तो उजेडाकडे धरत. "काठाला टवका गेलाय. रिजेक्ट." मग मी उठून दुसरा कप आणायचा. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते, आणि रविवारीसुद्धा ती नोकरी त्यांच्या अंगावरून उतरत नसे. कलिंगड असो, कुकरची शिट्टी असो, नाहीतर शेजाऱ्यांचा होणारा जावई असो, त्यांच्या लेखी पास किंवा रिजेक्ट. कुरुळीतल्या आमच्या बिल्डिंगमधले लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की हसत. मी पाठ फिरायची वाटही बघत नसे.

मी वहीवाली बाई. शाळेच्या ऑफिसात काम करते. लसी, औषधं, सिलिंडर, सगळं लिहायचं आणि झालं की पुढे टिक करायची. भावजींना त्या वहीचा राग. "सुनंदा, डोळ्याला दिसतंय त्याला कागद कशाला लागतो गं?" एवढी वर्षं कंपनीत काढूनही लातूरकडचा हेल गेला नव्हता, आणि आपल्याला न दिसणारंही काही असू शकतं ही शंका कधी आली नव्हती.

त्यांना सर्वांत मोठा अभिमान होता तो ऑडिटचा. गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार असली की भावजी आठवडाभर आधी कामगारांना उभं करून प्रश्नांची उत्तरं घोकून घेत. "आपल्या लाइनवर एक पोरगं अडखळत नाही, बघा की." त्या पोरांना उत्तराचा अर्थ कळतो का, असं मी एकदा विचारलं. "अर्थाला मार्क नसतात," असं म्हणून ते स्वतःच खूप हसले.

माझी स्वरा सहा वर्षांची असताना एका वर्षात तिचं हाड दोनदा मोडलं, तेही पलंगावरून उतरताना आणि फुगडी खेळताना. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. क्वचित होणारा हाडांचा आजार. हाडं दगडासारखी घट्ट होत जातात आणि तरी ठिसूळ राहतात. डॉक्टरांनी कागदावर कवटी काढून दाखवली. डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा हाडातल्या ज्या बारीक वाटांतून जातात, त्या वाटा हाड वाढून अरुंद होतात आणि नस चेपते. म्हणून दर तीन महिन्यांनी डोळे, कान तपासायचे, चुकवायचं नाही. मी सगळं वहीत उतरवलं. घरी आल्यावर भावजींनी एक्स-रे खिडकीला धरला. पांढरीशुभ्र हाडं बघून खूश झाले. "मटेरियल तर एक नंबर आहे की! उगं घाबरवतात." त्या क्षणी त्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिली तपासणी नीट झाली. दुसरीच्या वेळी शाळेत प्रवेशांची गर्दी आणि यांची फर्स्ट शिफ्ट. भावजी म्हणाले, "तिथं काय करतात? अक्षरंच वाचायला लावतात ना? मी घेतो." त्यांनी पुठ्ठ्यावर मार्करनं अक्षरं काढली, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. पुठ्ठा आतल्या दारावर टांगला, जमिनीवर खडूनं रेघ मारली. दर रविवारी स्वरानं रेघेवर उभं राहायचं, एका डोळ्यावर स्टीलची वाटी धरायची आणि वाचायचं. पहिल्या रविवारी ती दोनदा चुकली. "रिजेक्ट! परत!" सगळे हसले, तीही हसली, पण कान लाल झाले होते. त्यानंतर ती कधीच चुकली नाही. भावजी कागदावर 'ओके' लिहून सही करत. वही चालवणाऱ्या मला ते पुरलं. हॉस्पिटलच्या तारखेपुढे मी टिक केली. पुढच्या तारखेपुढेही केली.

नंतरच्या एका रविवारी दाराला रंग द्यायचा म्हणून यांनी पुठ्ठा काढून गॅलरीत ठेवला होता. भावजी आले, मी पोहे परतत होते. स्वरा नेहमीसारखी रेघेवर उभी राहिली, उजव्या डोळ्यावर वाटी धरली.

"थांब, पुठ्ठा—" भावजी म्हणेपर्यंत तिनं सुरुवात केली होती. "ग, म, त. ल, र, क, स..." रिकाम्या दाराकडे बघत ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत गेली, न अडखळता. मग वाटी खाली घेऊन म्हणाली, "काका, पास?"

गॅसवर पोहे करपले.

दुसऱ्या दिवशी स्वरा, भावजी आणि मी हॉस्पिटलात. स्वराला खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा झाकला, समोर उजेडाची पाटी लागली. मान वळवून माझ्याकडे नाही, भावजींकडे तोंड करून तिनं विचारलं, "काका, खरं सांगू की बरोबर सांगू?"

"खरं सांग, बाळा."

"मग काहीच दिसत नाही."

डाव्या डोळ्याची नजर पुन्हा आली नाही. उजव्याच्या नसेभोवतीचं हाड ऑपरेशन करून मोकळं केलं, तो राहिला. भावजी आता गावाकडे असतात. फोनवर अजूनही तसेच बोलतात, आणि मला अजूनही तसाच संताप येतो. त्या माणसाला मी पूर्ण माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही.

पण त्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी फाईल मिटली आणि आमच्या दोघांकडे बघून विचारलं, "दोन तारखा चुकल्यात. मुलीचे डोळे ठीक आहेत, हे कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडायच्या आत भावजी उभे राहिले. कंपनीत साहेबापुढे उभं राहावं तसे, हात मागे बांधून. "मी, डॉक्टर. माझी सही आहे."

डॉक्टर त्यांना बराच वेळ बोलले. बाहेर बसलेल्या लोकांनाही ऐकू जाईल असं. भावजी खाली बघून ऐकत राहिले, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मी पर्स मांडीवर घट्ट धरून गप्प बसून राहिले.