ठाऊक नसलेलं कारण

तुरीच्या वाळल्या शेंगांची खुळखुळ कानी पडली, की मला इंग्रजी आठवतं. हसू नका. निजामाच्या अमलात, उमरग्याजवळच्या आमच्या खेड्यात, खळ्याकडं तोंड असलेल्या ओसरीवर मी ती भाषा शिकले, तीही उर्दूतून. शिकवणारे मास्तर उर्दू शाळेतले, आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने स्नेही.

एका दुपारी मास्तरांनी कारण सांगणारे शब्द घेतले. ऐकणाऱ्याला कारण आधीच ठाऊक असेल तर 'सिन्स', म्हणजे 'चूंकि'. नव्यानं सांगायचं असेल तर 'बिकॉज', म्हणजे 'क्योंकि'. कारण देताना माणूस समोरच्याच्या अंतःकरणाचाही अदमास घेत असतो, हे मला तोवर कुठं ठाऊक होतं? मग मी भोवतालची माणसं त्याच तराजूत घालू लागले. सरकारी दवंडी सगळी 'चूंकि'ची. आमचे आप्पाही त्याच पंथातले. त्यांची कारणं अनादी, सर्वांना ठाऊक, मग उच्चारण्याचे कष्ट कशाला?

त्याच सुगीत माझ्या पुढच्या शिक्षणाची गोष्ट निघाली. सोलापुरात मावशी होती, मुलींची मराठी शाळा होती. मला जायचंच होतं. त्या ध्यासापायी घास गोड लागत नव्हता. मास्तरांनी ओसरीवर विषय काढला. आप्पा शांतपणे म्हणाले, "पोरीची जात म्हटल्यावर आता काय बोलायचं, मास्तर?" झालं! साऱ्या गावाला मान्य असलेल्या कारणाशी एकट्या मुलीनं भांडावं तरी कसं? मला रडू आलं ते रागाचं होतं.

आमच्याकडं ओसरीवर परका पुरुष असला, की बाईमाणूस बाहेर येत नसे; काही सांगायचं असलं तर दाराआडून बांगड्या वाजवी. माझी आई, अव्वा, कानडी मुलखातून आलेली. तिच्या बांगड्या मी उदंड ऐकल्या होत्या, शब्द फार थोडे. त्या दिवशी बांगड्या वाजल्या नाहीत. पदर सावरत ती उंबरा ओलांडून सरळ मास्तरांसमोर आली.

"तिला धाडा," ती आप्पांना म्हणाली. "मलाबी लई शिकायचं व्हतं."

खळ्यात गडी तूर बडवत होते, शेंगा खुळखुळत होत्या. एका छपराखाली इतका संसार झाला, आणि हे कारण आप्पांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं.

"आधी कधी सांगितलं न्हाईस ते?" त्यांनी विचारलं. आवाजात जरब नव्हती.

"तुमी कवा इचारलंत?"

तूर घरात आली आणि मी सोलापूरच्या मोटारीत बसले. आप्पांनी स्वतः ट्रंक वर चढवली; कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं पुष्कळ इंग्रजी शिकले, शिकवलंही. पण आजही शेंगा खुळखुळल्या, की उंबऱ्याबाहेर उभी असलेली अव्वा दिसते. सोलापूरला मी गेले. तिला मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं; ती आपणहून बोलली तेव्हा तिची लेकच शाळेच्या वयाची झाली होती.