ठकूबाईच्या दोन दाढा

सुई बघितली की माणसं देवाला हाक मारतात. शहापूरच्या माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवरून सगळ्या देवांची नावं मी ऐकली आहेत. ठकूबाई मात्र दिराचं नाव घेत. सुई हिरडीत शिरली की डोळे सताड उघडे ठेवून, खुर्चीचे हात गच्च धरून त्या घशातल्या घशात म्हणत, "बाळ्या... बाळ्या..." हा बाळ्या कोण, म्हणून मी विचारलं. तोंडातला कापूस जिभेने बाजूला सारून त्या म्हणाल्या, "माजा दीर. त्याचं नाव घेतलं का दुखत नाय."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरून त्या एस.टी.ने आल्या होत्या. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळ्या, उजवा गाल सुजून टम्म. बाळूने त्यांच्या शेताचा बांध कोरला, त्या आडव्या गेल्या आणि त्याने कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा फुटल्या. डावीकडच्या आधीच किडून गेल्या होत्या. गावकी बसली तेव्हा बाळू म्हणाला, वहिनी बांधावरून घसरून पडली, आणि झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हाच दीर पाच वर्षांचा होता. सासू वारलेली, तेव्हा त्याला कडेवर घेऊन त्यांनीच वाढवलं. "ह्याच हातानं भरवला त्याला," त्या म्हणत, "न त्यानं माजंच खाणं तोडलं."

मी फुटकी मुळं काढली आणि कवळी सुचवली. त्यांनी ती उडवूनच लावली. "काढून डब्यात ठेवायचं, ते दात माजं कसं? मला रोवलेलं पायजेल." कशासाठी, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे शेतातून काळे खेकडे निघतात, त्यांना चिंबोऱ्या म्हणतात. "त्याच्या दारात बसन, न त्याच्या डोल्यांदेखत नांगी फोडून खान. मंग मेले तरी चालल."

रोवलेले दात बसवणं तेव्हा मला येत नव्हतं. पुढची दहा वर्षं ठकूबाई बाजाराला आल्या की दारातूनच विचारत, "शिकलीस काय गो?" शेवटी रविवार-रविवार मुंबईला जाऊन मी इम्प्लांट शिकले. कल्याणच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. "शहापुरात इम्प्लांट? पाड्यावरच्या बायकांना कवळीसुद्धा चैन आहे." ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. त्यामुळे ठकूबाई हातातली पाटली मोडून आल्या, तेव्हा त्या खोलीत सूड उगवायला निघालेल्या बायका दोन होत्या.

हिरडी कापून बाजूला केली. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ती दुखावली तर ओठ कायमचा बधिर होतो. म्हणून एक्स-रेवर अंतर पुन्हा मोजलं. मग आधी बारीक, नंतर जाड ड्रिल वापरत, वरून थंड सलाइन सोडत भोकं पाडली, कारण तापून भाजलेलं हाड कशालाच धरत नाही. टायटॅनियमचे दोन स्क्रू किल्लीने हळूहळू आवळले आणि वर हिरडी शिवून टाकली. चार महिने थांबायचं, हाडाने स्क्रू धरले की वर दाढा, असं मी समजावलं. "तंबाखू खाता?" हेही विचारलं. "नाय," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांत पू झाला. दोन्ही स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आले. हिरडीवर काळा थर होता. "हे काय?"

"मशेरी."

तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती पूड. दातांना घासतात ती. जखम लवकर भरावी म्हणून ठकूबाई ती दिवसातून तीनदा टाक्यांवर चोळत होत्या! मी अशी ओरडले की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. "तंबाखू विचारली होती ना मी तुम्हाला?"

"तंबाकू गडी खातात. ही मशेरी हाय."

मी अजून ओरडले. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मात्र त्या दिवसापासून त्यांची चाळीस वर्षांची मशेरी सुटली. मुलगा, सून, खोकला, कोणालाच जे जमलं नाही, ते बाळ्याने करून दाखवलं.

हाड भरून यायला काही महिने गेले. मग पुन्हा तीच शस्त्रक्रिया, पुन्हा तेच थांबणं. त्यात बाळूला पक्षाघात झाला. ठकूबाई धापा टाकत आल्या. "आजच दाढा बसव. तो मरल गो!"

"आत्ता भार पडला तर परत हलतील."

"तू त्याच्या बाजूची हायस काय?"

मी त्याच्याच बाजूची होते, वेगळ्या अर्थाने. त्याला औषधं वेळेवर देतात का, हे मी प्रत्येक भेटीत विचारत होते. तो माणूस चार महिने जगावा, असं मला त्याच्या बायकोहून जास्त वाटत असावं.

तो जगला. हिरडी उघडून बघितलं, स्क्रू पक्के बसले होते. माप घेतलं, लॅबमधून दाढा आल्या, निळा कागद चावायला देऊन उंची जुळवली. नांगी फोडायची नाही, असं मी बजावलं. ठकूबाईंनी दात दोनदा आपटून पाहिले आणि गालात हसल्या. बाहेर आवणी सुरू झाली होती.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. दाढा उत्तम होत्या. मला राहवेना. "खाल्लीत?"

"सा चिंबोऱ्या." त्या छताकडे बघत होत्या. "ओटीवर खाटेवर पडलेला. घरात कोन नाय, सगली शेतावर. समोर बसले न कडाकडा फोडल्या. तो बघत व्हता." खुर्चीचे हात धरून म्हणाल्या, "मंग त्यानं तोंड उघडलं गो. ल्हान व्हता तवा उघडायचा तसं."

"मग?"

"मंग काय. सगल्या मीच खाल्ल्या. मी उठंपरत त्यानं तोंड मिटलं नाय."

"बरं केलंत," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. तो दांडा, ती गावकी, त्या डोलणाऱ्या माना, सगळ्यांची फेड झाल्यासारखं मला वाटलं. कल्याणच्या डॉक्टरांचीही.

ठकूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटलं, तू वरडशील."

महिनाभरात बाळू गेला. ठकूबाई आणखी पाच वर्षं जगल्या आणि दरवर्षी तपासणीला येत राहिल्या. स्क्रू कधी तसूभर हलले नाहीत. पण डावीकडची मोकळी हिरडी दर खेपेला अधिक टणक लागायची, टाचेच्या कातडीसारखी. उजवीकडच्या नव्या दाढा सोडून त्या सगळं त्याच बाजूने चावून खात होत्या. बोट फिरवलं की मला ते कळायचं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळायचं. तेव्हाही मी ओरडले नाही.