डिकीतलं पाचवं चाक

आता माझ्या हुशारीचं कौतुक मीच कुठल्या तोंडाने करू! आधी तो चहा संपवा. हसताना ठसका लागला तर मला बोल लावू नका.

ऐंशीच्या दशकाची अखेर. सिल्वासाजवळ राखोलीला एका कारखान्यात मी इंजिनिअर होतो. मी आणि माझी बायको कुमुद, आम्ही तिथेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आखातातून परतलेल्या मित्राने त्याची दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कूपे मला विकली. लाल! बुटकी! आत बसायचं म्हणजे जवळजवळ लोळायचंच. रस्त्याने निघाली की म्हशीसुद्धा वळून बघायच्या. बाजूला मात्र व्हायच्या नाहीत.

म्हणून तर माझ्या डोक्यात ब्रेक शिरले. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क बसवायच्या! पण मोठे ब्रेक जुन्या तेरा इंची चाकांत मावेनात. मग चाकंही मोठी हवीत, पंधरा इंची, अलॉयची. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरलेले असायचे. पुठ्ठ्याचा ब्रेक कापून मी तो कागदावरच्या चाकात फिरवून बघायचो. कुमुद ताट मांडीवर घेऊन जेवायची.

मुंबईच्या दुकानदाराने विचारलं, "चार देऊ की पाच?"

"गाडीला चाकं किती असतात हो?" मी म्हटलं. काय ऐट होती सांगू तुम्हाला!

घरी कुमुदने खोकी मोजली. "चारच?"

"पाचवं डिकीत कोण बघणार आहे? तिथे जुनी स्टेपनी आहे की."

तिने खोकी पुन्हा एकदा मोजली. ती गणिताची पदवीधर. गप्प बसली की समजावं, मनात हिशेब चालू आहे. मी समजलो नाही.

दसऱ्याच्या आधी कारखान्यातच चाकं आणि ब्रेक चढले. फोरमन भिकाभाऊ, धुळ्याकडचे, सगळं होईपर्यंत स्वतः पाना धरून होते. शेवटी म्हणाले, "सायेब, एकडाव स्टेपनी चढवून पाहू का पुढे?"

"कशाला, भिकाभाऊ? चांगली आहे ती."

खंडेनवमीला मशिनांबरोबर गाडीचीही पूजा झाली. चारही चाकांना हार घातले. भिकाभाऊंनी डिकी उघडून स्टेपनीलाही कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"तिला कशाला हो?"

"असू द्या सायेब. तीबी गाडीचीच ना."

आता ऐका. दिवाळीनंतर सिल्वासाच्या एका शाळेत कुमुदची मुलाखत होती. नाशिकला ती शिकवायची. माझ्या नोकरीपायी ते सुटून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत तिने एकदाही कुरकुर केली नव्हती, आणि ती जागा मात्र तिला मनापासून हवी होती. साडेदहाची वेळ. ती म्हणाली, "मी बसने जाते." मी म्हटलं, "घरात अशी गाडी असताना?"

राखोली मागे पडली आणि पुढचं डावं चाक फुस्स!

"दहा मिनिटं," मी कोटाच्या बाह्या वर सारत म्हटलं. जॅक लावला. चाक काढलं. डिकीतून स्टेपनी काढली; सुकलेला झेंडू अजून चिकटलेला. ती पुढे लावायला गेलो.

बसेना! ढकलली, फिरवली, उलटीसुद्धा धरून बघितली. ब्रेक आडवा. जुन्या चाकात हे ब्रेक मावत नाहीत, हे महिनाभर मीच जगाला समजावत होतो ना? आणि जुनं चाक कुठलं? हेच!

कुमुदने घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

तेवढ्यात सुताच्या कोनांची, म्हणजे मोठ्या रिळांची, खोकी भरलेला टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून गाडीभोवती चक्कर मारली. "अरे वा साहेब! फर्स्ट क्लास गाडी छे! फोटो काढताय काय?"

"पंक्चर आहे," कुमुद म्हणाली. "भाऊ, सिल्वासाला सोडता का मला?"

"बेसी जाव ने, बेन."

इस्त्रीची साडी सावरत ती सुताच्या खोक्यांना टेकून बसली आणि गेली. मी मात्र लाल गाडीशेजारी दीड तास उभा. शेवटी कारखान्याच्या जीपमधून भिकाभाऊ आले. त्यांनी पाना काढला. मागचं मोठं चाक काढून पुढे लावलं. स्टेपनी मागे. मागचे ब्रेक जुनेच होते, झटक्यात बसली.

बस्स! एवढंच करायचं होतं!

संध्याकाळी कुमुद पेढे घेऊन आली. नोकरी मिळाली होती. मी शरमेने चाकांच्या अदलाबदलीचं सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "मला तिथेच सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आधी मला ते कसं शक्य नाही हे समजावलं असतं. मला साडेदहाला पोचायचं होतं."

कुमुदला जाऊन आता वर्ष होईल. दिवसकार्य झाल्यावर तिचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता राखोलीलाच इंजिनिअर आहे. तिच्या फोटोला नमस्कार केला. मग म्हणाला, "सर, मुलाखतीच्या दिवशी बाईंनी आमच्या सातवीवर तास घेतला होता. आल्या आल्या विचारलं, मोटारीला चाकं किती? आम्ही ओरडलो, चार! बाई म्हणाल्या, पाच. एकाने मोजताना पाचवं सोडलं, तो आत्ता रस्त्यात उभा आहे. म्हणून उत्तर लिहिण्याआधी पुन्हा मोजा."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"दर वर्षी नव्या वर्गाला सांगायच्या. पण तो माणूस कोण, ते कधी सांगितलं नाही. नुसत्या हसायच्या. तुम्हाला माहीत आहे, सर?"

"असेल कोणीतरी इंजिनिअर," मी म्हटलं.

"छे हो, सर!" तो म्हणाला. "इंजिनिअर कसा असेल?"