दहाव्याला जांभळा शर्ट

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हल्ली मी श्रीरामपुरात दिसलो की ओळखीचे लोक आधी माझ्या शर्टाकडे बघतात आणि मग आभाळाकडे. त्याचं कारण सांगतो. फक्त मी सांगत असताना चहाचा घोट घेऊ नका, ठसका लागेल.

माझी नात पुण्यात कापडाच्या कंपनीत आहे. पाडव्याला तिनं मला एक पांढरा शर्ट पाठवला. फोनवर म्हणाली, "आजोबा, हा मुद्दाम उन्हात घाला हं." मला वाटलं, पातळ सुती असेल, उन्हाळ्याला बरा. घडी करून ठेवून दिला.

पुढं थोड्याच दिवसांत माझे मित्र भाऊसाहेब गेले. संध्याकाळचं फिरणं आमचं बरोबर असायचं. प्रवरेच्या काठी त्यांचा दहावा होता. दहाव्याला पांढरंच बरं, शिवाय ऊन. म्हणून तोच शर्ट घातला.

पिंड मांडला, माणसं मागं सरली. मला मात्र वयाचा मान म्हणून पुढंच उन्हात बसवलं होतं. कावळे समोरच्या लिंबावर होते, पण एकही खाली येईना.

वहिनी रडवेल्या झाल्या. "ह्यांच्या मनात काय राहिलं असंल ओ?"

भाऊसाहेबांचा भाऊ हात जोडून म्हणाला, "दादा, तुझी गाय विकत न्हाई. ये." कावळे ढिम्म. थोरला मुलगा संदीप म्हणाला, "बाबा, आईला एकटं ठेवनार न्हाई." तरी ढिम्म.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता माझी पाळी. उठून पिंडाजवळ गेलो. "भाऊसाहेब, मी रोजचं फिरणं मोडणार नाही." एक कावळा खाली आला, त्यानं मान वाकडी करून मला न्याहाळलं आणि परत झाडावर गेला.

संदीप कानाशी आला. "सर, शर्ट..."

खाली बघतो तर शर्ट जांभळा. चांगला पिकल्या जांभळासारखा.

नुकतंच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काही दिवस रंग वेगळे दिसतील, असं डॉक्टर म्हणाले होते. मग इतरांचे कपडे पांढरेच का दिसतात, ही शंका शाळेतल्या पोरालाही आली असती. मला आली नाही. मी संदीपची समजूत काढली, "काळजी करू नकोस. मला जांभळा दिसतोय, पण शर्ट पांढरा आहे."

"सर, मला पन जांभळाच दिसतोय."

"तुझंही ऑपरेशन झालंय का?"

मागून एक म्हातारी बोलली, "एवढं शिकल्यालं मानूस, अन् दहाव्याला नवरदेवावानी आलंय."

शेवटी वहिनी उठल्या. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "सर, तुमी तेवढं सावलीला बसा. त्यांचा जीव अडकून राह्यलाय."

जमीन दुभंगावी असं वाटलं. मान खाली घालून पत्र्याच्या शेडखाली गेलो. आणि तिथं, सगळ्यांच्या देखत, शर्ट हळूहळू निवळत पांढरा झाला. पिंडाकडं कुणाचंच लक्ष उरलं नाही. तेवढ्यात कावळा उतरला आणि शिवला.

वहिनींनी डोळे पुसले. मीही सुटकेचा श्वास टाकला. तर ती मघाचीच म्हातारी येऊन माझ्या पाया पडली. "सर, तुमचा शर्ट पांढरा झाला अन् भाऊसाहेब मोकळे झाले." मलाच काही कळलं नव्हतं.

संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजोबा, शर्ट उन्हात घातला?"

"घातला."

"गंमत आहे ना? तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत, तुमची पीएच.डी. उजेडानं रंग बदलणाऱ्या रसायनांवर, म्हणून तर खास तुमच्यासाठी निवडला. तुम्ही लगेच ओळखलं असेल."

"ओळखलं गं," म्हणालो, "पण माझ्याआधी कावळ्यानं."