भागाबाईच्या तव्याला पडलेलं भोक

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट बरं का. धुळ्यात आमच्या गल्लीत भागाबाई राहायची. तिचा नवरा हिलाल कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरची भट्टी पेटवायचा, आगवालाच म्हणत त्याला. कोळसा मिळेना, म्हणून जिनवाल्यानं मिठाची पडकी वखार घेतली अन् तिच्या फळ्या भट्टीत घालायला लावल्या. वर्षानुवर्षं मीठ प्यालेलं लाकूड ते! उरलेसुरले तुकडे हिलाल घरी आणायचा. जाळ कसा, हळदीसारखा पिवळा.

दिवाळीपासून भागाबाईच्या तव्याचे पापडासारखे पापुद्रे निघायला लागले. ती आपली खरवडायची अन् पुन्हा भाकर टाकायची. एका सकाळी हिलाल कामावर गेला, अन् इकडे तव्याला भसकन भोक पडलं. भाकर निखाऱ्यात!

शेजारची अकबरी हसली, "आते तवा बी खाई गयी का व भागा?"

भागाबाईला हसू येईना. दोघींचे तवे एकाच घिसाड्याकडचे. अकबरीच्या चुलीत गोवऱ्या, तिचा तवा धडधाकट. मग हा कुणी खाल्ला? त्या मिठाच्या पिवळ्या जाळानंच. अन् तोच जाळ तिकडे बॉयलरच्या नळ्यांना चाटतोय, आत वाफ कोंडलेली, अन् समोर उभं कोण?

भागाबाई तशीच उठली. तवा फडक्यात धरला अन् धावत सुटली.

जिनाच्या दारावर जीवराम पहारेकरी. "कोन पाहिजे?"

"आमना घरना मानूस."

"आठे बठ्ठा कोनाना तरी घरना शेतस! नाव सांग." इथं सगळेच कुणाच्या तरी घरचे, असं त्याचं म्हणणं.

आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? उखाण्याशिवाय तोंडातून कधी निघालं नव्हतं. तेवढ्यात आत वाफ फुसकारली. ती ओरडलीच, "हिलाल! ओ हिलाल! बाहेर ये!"

हिलाल धावत आला. त्याला वाटलं, घरी कुणी गेलं. "काय व्हयनं व?"

तिनं तवा पुढे केला. त्यानं अंगठ्यानं दाबला, तर कडच मोडून हातात आली. ती कड घेऊन हिलाल बॉयलरवरच्या मिस्तरीकडे धावला.

मिस्तरी आधी खेकसला, "तवा फुटला म्हणून जिन बंद करू काय?" मग त्यानं तो तुकडा बोटांत चुरून पाहिला. लगेच भट्टीतली आग बाहेर ओढायला लावली, वाफ सोडली.

बॉयलर थंड झाल्यावर हिलालनं नळीवर हातोडी मारली. टण्ण वाजलंच नाही. ओल्या मातीत शिरावी तशी आत गेली.

भागाबाई दारातच बसून होती. हिलाल म्हणाला, "घर चाल. नाव घेवाना दंड लागी तुले."

बोलला गमतीनं. पण तिच्या हातातला तवा काही सुटेना.