माझं पान त्याच्याकडे कच्चंच राहिलं

"अजून पक्कं नाही." कुणी काहीही विचारलं की तो चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणायचा. स्वतःच्या हाताखालून गेल्याशिवाय जगात काही बरोबर होत नाही असं मानणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला तो कधीच आवडला नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेत एका जिन्यावर त्याची खोली होती. भीमाशंकरला जाणाऱ्यांना घरगुती मुक्काम मिळावा म्हणून त्यानं वेबसाइट काढली होती. आजूबाजूच्या गावांतल्या घरांना त्यावर एकेक पान होतं. महाळुंगे पडवळच्या आमच्या घराचंही होतं. त्यावर आमच्या मालकांचं नाव, फोटो आणि नंबर.

मालक गेले. महिन्यानं मी जुन्नरला जाऊन त्याला म्हटलं, भाऊ, आता माझं नाव आणि नंबर टाका. त्यानं लगेच टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव दिसलं. मी निश्चिंत घरी आले, गोधड्या धुतल्या, खोली सारवली.

फोन आला नाही. शेजारी पाहुणे उतरत होते, त्यांच्या गाड्या आमच्या दारावरून जात. नवरा गेलेल्या बाईच्या घरी लोकांना उतरायचं नसेल, असं मी धरून चालले. पाच महिने तसंच धरलं. कुणाला विचारलंही नाही, लाज वाटायची.

मग आधी येऊन गेलेलं एक जोडपं न कळवता दारात आलं. दादांचा फोन लागत नाही म्हणाले. मोबाईल दाखवला, तर पानावर मालकच हसत होते. नंबरही त्यांचाच.

तेव्हा मला समजलं. त्याच्याकडे प्रत्येक पान दोन जागी असायचं. एक कच्चं, त्याला तो ड्राफ्ट म्हणायचा. ते त्याच्या स्क्रीनवरच दिसायचं. दुसरं लोकांसाठी. तो 'पब्लिश' दाबेपर्यंत लोकांना जुनंच पान दिसत राहायचं. मला दाखवलं होतं ते कच्चं.

एसटीत बसून मी एकच वाक्य घोकत जुन्नरला गेले. खोलीत आधीच एक शेतकरी बसला होता. त्यानं नवा संडास बांधून दोन वर्षं झाली होती, पण पानावर अजून 'संडास बाहेर' असंच होतं. "राव, पावणं घरनं डबडं घेऊन येत्यात," तो म्हणाला. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

"अजून पक्कं नाही, वहिनी," वेबसाइटवाला चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाला. "मायेनं वाढतात लिहू की आपुलकीनं, ठरत नाहीये."

"भाऊ, माझा माणूस मेलाय. लोक त्याला फोन लावत्यात."

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "घाईत चुकीचं गेलं तर नाव माझं खराब होतं. चौथी शिकलेल्या बाईला ते नाही कळायचं." आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. मी जिना उतरले. शेतकरी तिथंच बसून होता.

पुढच्या पावसाळ्यात वेबसाइटवाला दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्याची पुतणी खोलीत बसू लागली. तिनं मला बोलावून माझं पान उघडलं. ते एकतीस वेळा बदलून सेव्ह केलेलं होतं. शेवटचा बदल दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. तिनं वाचून दाखवलं. "या घरच्या बाई कमी बोलतात. पण ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी येते, गरम."

तो फोटो काढायला एकदाच आमच्याकडे आला होता, तेव्हा जेवला होता. त्यानं मान वर करून पाहिल्याचंही मला आठवत नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलेलं नाही. आणि ते एकाही माणसाला दिसलं नव्हतं.

"काकू, करू पब्लिश?"

त्याचं लिहिलेलं काढ, म्हटलं. नाव, नंबर, मुक्काम आणि जेवण एवढंच ठेव.

"लई छान लिहिलंय हो."

"काढ."

तिनं काढलं, बटण दाबलं आणि झालं म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी पाहिली नाही. खाली उतरले. बांगड्यांच्या दुकानापाशी एक अनोळखी बाई उभी होती. जन्मात कुणाला काही मागितलं नाही मी, पण तिला म्हटलं, ताई, तुमच्या मोबाईलवर एक पान बघून द्याल का?

तिनं उघडलं, आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं.